अप्पा आणि माझं कोपर

गुरुवार, ६ जानेवारी २०२२

ही वही मालविकाने दिली. "डोक्यात जे चालतं ते सगळं जेवताना मला ऐकवतोस, त्यापेक्षा इथे लिही," म्हणाली. वही गेल्या वर्षीची आहे, त्यामुळे छापलेले वार एकेका दिवसाने चुकीचे आहेत. पहिल्या पानावर मी तशी नोंद करून ठेवली आहे. सवय, दुसरं काय. स्टेडियमवर माझं कामच ते. दुसऱ्यांचं बांधून झालं की सगळ्यात शेवटी जायचं, काय राहिलं ते शोधायचं आणि त्याची यादी करायची. कुठे टाइल वाजते, कुठे खुर्चीला नट नाही. याला स्नॅग लिस्ट म्हणतात. आखातातला हा फुटबॉलचा वर्ल्ड कप दहा महिन्यांवर आलाय आणि मी समोरून येताना दिसलो की लोक दुसऱ्या जिन्याने जातात.

आज मात्र मीच गुन्हा केला. आमचा फोरमन अबूबकर, रत्नागिरीचा, वरच्या स्टँडमधून वॉकी-टॉकीची बॅटरी मागत होता. तीन मजले चढायचं माझ्या जिवावर आलं. "फेका ओ साहेब, कोन नाय बघत," तो वरून म्हणाला. मी फेकली. बरोबर त्याच्या हातात गेली. साइटवर काहीही फेकलं की थेट वॉर्निंग लेटर. मागे वळलो तर एसीच्या जपानी कंपनीचे मॅनेजर मोरिता सान, म्हणजे आपलं मोरितासाहेब, उभे. साठीचे, बुटके, कुणाशी फारसं न बोलणारे. म्हटलं, खलास. ते माझ्या कोपराकडे बघत होते.

"अगेन, प्लीज," म्हणाले.

शनिवार, ८ जानेवारी

कोपराबद्दल एकदा लिहूनच टाकतो.

बावीस वर्षांचा असताना मी नाशिकमधला सगळ्यात वेगवान गोलंदाज होतो. निदान आमच्या क्लबातला तरी. डिसेंबर ९८, स्पर्धेची फायनल, माझी तिसरी ओव्हर. स्क्वेअर लेगच्या पंचांनी हात आडवा केला. नो बॉल. म्हणे हा टाकत नाही, फेकतो, कोपर वाकतं. पुढचा चेंडू, पुन्हा नो बॉल. असं सहा वेळा. त्यानंतर मला कुणी चेंडू दिला नाही आणि माझी कारकीर्द संपली. कोपर सरळ होतं. शंभर टक्के सरळ होतं. पंचांच्या डोळ्यावर ऊन येत होतं.

पंच म्हणजे बाजीराव मास्तर, शाळेत गणित शिकवायचे. पाच वर्षांनी त्याच बाजीराव मास्तरांनी आपण होऊन माझ्या घरी आपल्या मुलीचं स्थळ सांगून पाठवलं. पाहायला गेलो तेव्हा क्रिकेटचा शब्द काढला नाही, फक्त म्हणाले, "हात कसा आहे आता?" मी त्यातून काय ते समजलो. माणसाला मनातून खात होतं. विकेट घेतली, भरपाई म्हणून मुलगी दिली. माझी तक्रार नाही, मालविका चांगली आहे. पण त्यानंतर आजपर्यंत त्या फायनलबद्दल ते एक अक्षर बोललेले नाहीत आणि मीही नाही. आमच्या गार्गीला तर एवढंच माहीत आहे की बाबाचा खांदा दुखावला म्हणून त्याने क्रिकेट सोडलं.

आता मोरिता सान. हे गृहस्थ जपानमध्ये सात वर्षं व्यावसायिक बेसबॉल खेळले. रिलीफ पिचर होते. पिचर म्हणजे आपला गोलंदाज, फक्त तो जागेवरून आणि कोपर वाकवूनच फेकतो, त्याला कुणाची हरकत नसते. पहिला पिचर दमला की त्याच्या जागी येतो तो रिलीफ पिचर, आणि त्यातही मोरिता सान अगदी शेवटी यायचे. दुसऱ्याने सांडून ठेवलेलं पुसायला. एकशे चौऱ्याण्णव सामने, त्यातल्या एकातही पहिला चेंडू नाही.

"कंटाळा नाही यायचा बसून?" मी विचारलं.

"मी बसत नव्हतो. वाट बघत होतो," ते म्हणाले. इथे शुक्रवारी त्यांची एक टीम खेळते. त्यांचा शेवटचा माणूस प्रोजेक्ट संपला म्हणून ओसाकाला परत गेला. मला विचारलंय.

शुक्रवार, १४ जानेवारी

पहिला सराव. माझ्यात सापडलेले स्नॅग: मी पंधरा पावलं धावत आलो. सगळे बाजूला झाले, त्यांना वाटलं मी भांडायला येतोय. मग उभ्याने टाकला, तो नेमका यॉर्कर. बॅटरच्या बुटाजवळ धूळ उडाली. मी हात वर करून अपील केलं. समोरच्याने चेंडू नुसता परत टाकला. इथे गुडघ्याच्या खाली टाकलेला चेंडू वाया जातो म्हणे. ग्लोव्हचंही तसंच, मी तो उजव्या हातात घालून आलो होतो आणि फेकायचं तर उजव्यानेच.

मोरिता सानांनी ग्लोव्ह डाव्या हातात घालून दिला. शेवटी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, मागचा चेंडू विसरायचा. दुसरी, एकदा फेकायला सुरुवात केली की मध्ये थांबायचं नाही, काही झालं तरी. थांबलास तर त्याला बॉक म्हणतात आणि बेसवर, म्हणजे आपल्या क्रीजसारख्या टप्प्यांवर, थांबलेले सगळे रनर एकेक बेस फुकट पुढे जातात.

हे लक्षात ठेवायला काय अवघड आहे?

शनिवार, १५ जानेवारी

हात उचलत नाही. चहाचा कप डाव्या हाताने प्यायलो. मालविका म्हणाली, "आता खरंच खांदा दुखावला. गार्गीला सांगितलेलं निदान खरं तरी झालं."

शुक्रवार, २८ जानेवारी

पहिली मॅच. मी पोर्टा केबिनच्या मागे, जाळीच्या आत बसलो. रिलीफवाल्यांची ती जागा. दोन वाजता बसलो, पाचला उठलो. मला बोलावलं नाही. मालविकाने दिलेला थर्मास आणि चिवडा संपला. आमच्या कोरियन कॅचरनेही, म्हणजे विकेटकीपरनेही, बराच खाल्ला. मोरिता सान जाताना म्हणाले, "तू वाट चांगली बघतोस." जपानी माणसाची थट्टा कळत नाही. घरी येऊन मालविकाला सांगितलं तर हसली, "बरोबरच आहे. बाबाही तुझ्याबद्दल असंच काहीतरी म्हणतात." काय म्हणतात ते विचारायचं राहून गेलं, कुकरची शिट्टी झाली.

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

आज खेळलो.

आठव्या डावात मोरिता सान जाळीपाशी आले आणि म्हणाले, "गाजा सान, यल्ला." गजेंद्रचं त्यांनी गाजा केलंय, आणि यल्ला म्हणजे इथल्या अरबीत चला. चार बॅटर, तीन आउट. मधला एक चेंडू फिलिपिनो बॅटरच्या बरगडीत बसला, तेवढं सोडून. मी धावत गेलो, त्याला विचारलं, पाठ चोळली. पंच म्हणाले की पिचरने असं जायचं नसतं. हे पंच एका शाळेत शिकवतात, कॅनडाचे. मी म्हटलं, आमच्यात विचारपूस करतात. त्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं, पण माझ्या कोपराकडे कुणीही बघितलं नाही. सव्वीस चेंडू टाकले आणि कुणाचाही हात आडवा झाला नाही. परत येताना गाडीत मी चक्क गात होतो. गार्गीने इअरफोन घातले.

शुक्रवार, १८ फेब्रुवारी

दोन बातम्या.

मैदान २५ मार्चनंतर जाणार. वर्ल्ड कपचं पार्किंग होणार आहे. त्याच दिवशी फायनल घेऊन लीग बंद.

आणि अप्पा येतायत. म्हणजे माझे सासरे, तेच बाजीराव मास्तर. वय अठ्ठ्याहत्तर. मार्चभर आमच्याकडे.

मी मोठेपणाचा आव आणणार नाही, वही खासगी आहे. मला एकच गोष्ट हवी आहे. अप्पा बघत असताना मी दहा चेंडू टाकावेत आणि पंचाने हात उचलू नये. जिंकलो, हरलो, मला फरक पडत नाही. अप्पांनी बघावं की या हाताला कायदेशीर म्हणणारा एक तरी पंच जगात आहे. तेवीस वर्षं मी ही गोष्ट मनात धरून आहे.

शनिवार, ५ मार्च

अप्पा काल उतरले. एक दिवस हॉटेलात क्वारंटाइन झालं, तिथल्या चहावर त्यांचं मत फोनवरूनच कळलं होतं. आज अल मुंतझाच्या आमच्या फ्लॅटवर आले, बूट काढले आणि म्हणाले, "गजेंद्रराव, तुमच्या लिफ्टचं दार एका बाजूला घासतंय." दोन वर्षं मी हेच बिल्डिंगच्या वॉचमनला सांगतोय. मालविका आमच्या दोघांकडे बघून स्वयंपाकघरात निघून गेली.

जेवताना तिने मुद्दाम विषय काढला, की बाबा, हा आता बेसबॉल खेळतो. अप्पांचा घास हातातच राहिला.

"फेकतात ना त्यात?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी आमटी मागितली.

मंगळवार, ८ मार्च

अप्पांनी गार्गीकडून बेसबॉलचे नियम प्रिंट करून घेतले. दीडशेच्या वर पानं आहेत. सकाळपासून भिंग आणि लाल पेन्सिल घेऊन बसलेत. मला अडकवायला कलम शोधतायत हे न कळायला मी काही दूधखुळा नाही.

गुरुवार, १० मार्च

संध्याकाळी ऑफिसातून आलो तर दारातच म्हणाले, "गजेंद्रराव, सगळं वाचलं. यात कोपराबद्दल एक शब्द नाही."

मला ते किंचित निराश वाटले. मालविका म्हणते, दुपारपासून ते माझी वाट बघत दाराशी तीनदा येऊन गेले, हे सांगायला. तिला आपल्या वडिलांचं सगळंच चांगलं दिसतं.

शुक्रवार, १८ मार्च

सेमीफायनल. अप्पा पांढरी हॅट घालून आले. आम्ही नऊ धावांनी पुढे, त्यामुळे मला बोलावायची गरजच पडली नाही. साडेतीन तास मी जाळीच्या आत आणि अप्पा जाळीच्या बाहेर. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुम्ही खेळता नक्की कधी?"

नंतर बघतो तर ते मोरिता सानांच्या शेजारी बसलेले. एकाला मराठी आणि गणिताचं इंग्रजी येतं, दुसऱ्याला जपानी आणि एसीचं. दोघं नुसत्या हातांनी बोलत होते. अप्पांनी बाय दाखवला, लेग बाय दाखवला. मोरिता सानांनी काहीतरी दाखवलं. मग अप्पांनी हात आडवा केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मोरिता सानांनी मान हलवली, बराच वेळ. माझे कान तापले. म्हणजे इथेही येऊन सांगितलंच.

निघताना मी मोरिता सानांना विचारलं की मागचा चेंडू विसरायचा म्हणजे विसरायचा कसा. तेव्हा त्यांनी त्यांचा शेवटचा सामना सांगितला. एक चेंडू टाकला, तो प्रेक्षकांत गेला, टीम हरली आणि पुढच्या वर्षी त्यांना कुणी बोलावलं नाही. एकतीस वर्षं झाली.

"मग विसरलात?"

"त्या चेंडूची शिवणसुद्धा आठवते," ते म्हणाले. "मैदानावर विसरायचं. घरी गेल्यावर हवं तेवढं आठवायचं."

शुक्रवार, २५ मार्च

नीट क्रमाने लिहितो.

फायनल फिलिपिनो हॉस्पिटलवाल्यांशी. शेवटचा डाव, आम्ही एका धावेने पुढे. त्यांचे दोन आउट, तिसरा झाला की संपलं. पण त्यांचा एक रनर तिसऱ्या बेसवर. तो घरी, म्हणजे शेवटच्या होम बेसवर, पोचला की बरोबरी. आमच्या पिचरचा हात गेलेला. मोरिता सान जाळीपाशी आले. यल्लासुद्धा म्हणाले नाहीत, नुसतं दार उघडलं.

दहा चेंडू टाकले. मोजत होतो. कडेला मालविका, गार्गी आणि मध्ये पांढरी हॅट. एकदाही पंचाचा हात उठला नाही. दहावा टाकल्यावर मनात म्हटलं, गजेंद्र, झालं तुझं. मला हवं होतं ते मिळालं होतं आणि तिथेच पाय मोडून पडलो असतो तरी चाललं असतं.

अकरावा टाकायला हात उचलला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, तिसऱ्या बेसवरचा पोरगा खूप पुढे आलाय. सहा-सात पावलं. खरं तर चेंडू टाकायच्या आधी त्याला बघून तिकडे फेकायला हवा होता, आउट झाला असता. पण आमच्याकडे गोलंदाजाच्या टोकाचा फलंदाज असा क्रीज सोडून पुढे आला तर त्याला सरळ आउट करत नाहीत. आधी एकदा ताकीद देतात. न सांगता आउट केलं तर नियमाने बरोबर, पण घरी तोंड दाखवायची चोरी. मला हे क्लबातल्या मोठ्यांनी शिकवलं, त्यांना पंचांनी शिकवलं. हात अर्ध्यात थांबला. मी त्या पोराकडे वळलो, बोट वर केलं आणि सभ्यपणे म्हटलं, "नेक्स्ट टाइम आय विल गेट यू आउट."

मैदानावर एक क्षण कुणालाच कळलं नाही की मी काय केलं. मग कॅनडाचे मास्तर पुढे आले.

"बॉक."

पोरगा चालत घरी गेला. बरोबरी. चालतानाही तो माझ्याकडे वळून वळून बघत होता, त्यालाही बिचाऱ्याला वाईट वाटलं असावं.

आमची टीम पंचांच्या अंगावर धावली. शॉर्टस्टॉपच्या जागेवर फील्डिंग करणारा अमेरिकन हातवारे करत होता, कोरियन कॅचरने मास्क जमिनीवर टाकला. मी चेंडू पंचांच्या हातात दिला, कारण आपण तसाच देतो, आणि म्हटलं, "सॉरी सर, यू आर राइट." त्यांनी चेंडू पुसून परत दिला. मोरिता सान माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "घरी." मला कळलं. घरी आठव.

पुढचा चेंडू यॉर्कर टाकला. सवयीने गेला. बॅटर त्याच्यावर वाकून फिरला, चुकला. तिसरी चूक, म्हणजे तिसरा स्ट्राइक. कॅचरने मातीतून उचलून त्याला टेकवला. आउट. तेवढ्यात सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली आणि बाहेर थांबलेले पार्किंगवाले लाल-पांढरे बॅरिअर घेऊन आत आले. जादा डाव नाही, खलास. करंडक सहा महिने त्यांच्याकडे, सहा महिने आमच्याकडे असं ठरलं. सहा महिन्यांनी आमच्यातलं कोण इथे असेल हे कुणी विचारलं नाही.

गार्गी पळत आली. "बाबा, आजोबांनी अंपायरच्या आधी नो बॉल दिला! लाइक, टू सेकंड्स बिफोर!" तेवीस वर्षांनी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या खेळात, तोच माणूस आणि तोच हात.

परत येताना गाडी मालविकाने चालवली. अप्पा पुढे, मी आणि गार्गी मागे. रस्ता खोदलेला, वळसा घालून गाड्या मुंगीच्या पावलाने चाललेल्या.

"ते मास्तर बरोबर होते," अप्पा पुढे बघत म्हणाले. "नियम सहा, पोटकलम दोन."

"हो अप्पा."

जरा वेळाने म्हणाले, "अठ्ठ्याण्णव साली मीही बरोबर होतो."

मालविकाने आरशातून माझ्याकडे बघितलं. गार्गीने एका कानातला इअरफोन काढला. मी बाहेरच्या क्रेनकडे बघत बसलो. मोरिता सानांनी बॅटरीच्या एका फेकीत जे ओळखलं, ते मला बावीस वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं.

"हो," मी म्हटलं. "वाकत होतं."

हे मी कधी कुणाजवळ म्हटलं नव्हतं. या वहीजवळसुद्धा नाही. म्हटल्यावर इतकं हलकं वाटलं की बाकीचंही बोलून गेलो. "तुम्हाला त्याचं वाईट वाटत होतं, म्हणून तुम्ही स्थळ पाठवलंत, हे मला माहीत आहे अप्पा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

अप्पा सीटवरून पूर्ण मागे वळले. "वाईट? कशाचं?" त्यांना खरंच कळेना. "गजेंद्रराव, त्या दिवशी मी सहा वेळा हात आडवा केला. तुमचा कॅप्टन माझ्या अंगावर आला. लोक शिव्या घालत होते. तुम्ही चेंडू आणून दिलात, स्वेटर घेतलात आणि मुकाट्याने फाइन लेगला जाऊन उभे राहिलात. तासाभरात दोन झेल घेतलेत. पोराचा खेळ संपला होता, त्याला ते समजलंही होतं, आणि तो झेलाची वाट बघत उभा होता. मालू तेव्हा सतरा वर्षांची. मी घरी जाऊन हिच्या आईला म्हटलं, मुलगा मिळाला."

"मोरितांनाही तेच सांगत होतात का तुम्ही? म्हणजे गेल्या शुक्रवारी?" मी विचारलं.

"मग काय? त्यांना खुणेने मुलगी कशी सांगायची ते मात्र जमेना."

"आणि मला पाच वर्षं कुणी काही सांगितलं नाही," मालविका म्हणाली आणि हॉर्न वाजवला. पुढची गाडी हललीही नव्हती.

मला रडू आलं, ते लिहून ठेवतो. गार्गीने खिडकीकडे तोंड करून टिश्यूचा बॉक्स माझ्याकडे सरकवला. "सो देअर वॉज नो शोल्डर इंज्युरी," ती म्हणाली. मी नाही म्हटलं. "ओके," म्हणाली. एवढंच.

घरी आल्यावर, जेवायला बसण्याआधी, ८ जानेवारीचं पान काढलं. "कोपर सरळ होतं. शंभर टक्के सरळ होतं." खोडणार होतो. पण स्नॅग लिस्टमध्ये खोडायचं नसतं. पुढे दुरुस्ती लिहायची, तारीख घालायची आणि ज्याने चूक काढली त्याची सही घ्यायची. मी बाजूला लिहिलं, "वाकत होतं. क्लोज्ड." बाकीचं पान हाताने झाकून वही अप्पांपुढे धरली.

त्यांनी भिंग मागितलं, ओळ दोनदा वाचली, लाल पेन्सिलीने पूर्ण सही केली. मग भिंग पानाच्या वरच्या कोपऱ्याकडे नेलं.

"गजेंद्रराव," म्हणाले, "तुमच्या वहीत वार चुकीचा छापलाय."